पत्रकारिता आणि सोबत दुसरा विषय: पदवीच्या वर्षांत दोन्ही कसे जमवायचे

इंट्रो म्हणजे बातमीची सुरुवात लिहिणे, मुलाखत घेणे, प्रेसनोटमधून बातमी काढणे ही पत्रकारितेची कारागिरी वर्ष-दीड वर्षाच्या नेटाच्या सरावाने अंगवळणी पडते. जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प वाचणे, दोनशे पानी निकालपत्रातला कळीचा परिच्छेद शोधणे, पाणी तपासणीच्या अहवालातले आकडे लावणे याला तेवढा वेळ पुरत नाही. तो विषय शिकलेलाच असावा लागतो. म्हणून पदवीला एक भक्कम विषय आणि त्याच्या जोडीला पत्रकारिता, ही रचना आम्हाला नुसत्या पत्रकारितेपेक्षा सरस वाटते. मराठीत ही जोडी जुनीच आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे गणित शिकवत होते आणि कुलाबा वेधशाळेचे कामही पाहत होते.

अडचणी मात्र आजच्या आहेत: क्रेडिट, हजेरी, मूळ दाखले, एकमेकींवर येणाऱ्या परीक्षा. पुढची माहिती महाराष्ट्रातली विद्यापीठे डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

दुसरा विषय कोणता घ्यावा

एक कसोटी लावा. या विषयातून नियमितपणे कागदपत्रे निघतात का, आणि ती वाचायला सर्वसाधारण बातमीदार बिचकतो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर तो विषय पुढे बीट म्हणून, म्हणजे बातमीदारीचे नेमून दिलेले क्षेत्र म्हणून, उपयोगी पडेल.

अर्थशास्त्र या कसोटीला सहज उतरते. अर्थसंकल्प, त्याआधी येणारा राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल, कॅगचे अहवाल, महापालिकेची अंदाजपत्रके असा वर्षभर रतीब असतो. कृषी शाखेच्या विद्यार्थ्याला बाजार समितीचे रोजचे भाव कसे वाचायचे हे कळते. भावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. नवखा बातमीदार कमाल दर मथळ्यात घेतो आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांच्या शिव्या खातो, कारण तो दर एखाद्याच उत्तम वक्कलाला, म्हणजे मालाच्या ढिगाला, मिळालेला असतो. बातमी सर्वसाधारण दराची आणि सोबत आवकेची करायची असते.

भूगोलाला कोणी फारसे विचारत नाही, पण कोल्हापूर-सांगलीच्या पुरात नदीकाठची निळी आणि लाल पूररेषा नकाशावर दाखवता येणारा बातमीदार किती मोलाचा ठरतो ते पाहा. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे माहीत असले की बांधकाम परवान्यांची निम्मी बातमी हातात येते. सूक्ष्मजीवशास्त्राचेही तसेच. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये, हे भारतीय मानक ज्याला तोंडपाठ आहे, तो ‘प्रमाण किंचित जास्त आढळले’ असे अधिकाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे छापणार नाही.

संख्याशास्त्र पूर्ण विषय म्हणून झेपत नसेल, तर निदान एक पेपर घ्याच. एखाद्या योजनेचा लाभ ४० टक्क्यांऐवजी ५० टक्के कुटुंबांना मिळू लागला, तर प्रमाणातला फरक १० टक्क्यांचा, पण मूळ प्रमाणाच्या तुलनेत वाढ २५ टक्क्यांची. पुढाऱ्याला सोयीचा असतो तो आकडा भाषणात येतो. तुमच्या बातमीत दोन्ही टोके यायला हवीत: ४० होते, ५० झाले.

राज्यशास्त्र हा सर्वांत लोकप्रिय पर्याय आहे, म्हणून थोडा जपून घ्यावा. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात राज्यघटना, राज्यव्यवस्था, चालू घडामोडी हे सारे असतेच. नवीन हाती कमी लागते. तोच विषय आवडत असेल, तर स्थानिक स्वराज्य संस्थांवरचा पेपर निवडा, प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत शिका. मराठी साहित्य घेणाऱ्यांची भाषा चांगली होते, यात वाद नाही. फक्त त्यांनी मुक्त निवडीच्या जागी आकड्यांचा एखादा पेपर जोडावा.

प्रवेशाच्या वाटा

पहिली वाट मायनरची. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या महाविद्यालयांत मुख्य विषय म्हणजे मेजर, दुय्यम विषय म्हणजे मायनर आणि शिवाय मुक्त निवडीचे विषय अशी रचना आली आहे. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात, आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२. अर्थशास्त्र मेजर आणि पत्रकारिता मायनर घेतली की एकच प्रवेश, एकच शुल्क, एकच वेळापत्रक. कागदावर ही सर्वांत सुटसुटीत वाट आहे.

गडबड होते ती प्रवेशानंतर. माहितीपुस्तिकेत मायनर म्हणून छापलेला विषय पुरेसे विद्यार्थी न आल्याने किंवा शिक्षक नसल्याने उघडतच नाही, आणि मग मुलांना भलत्याच विषयात ढकलले जाते. म्हणून प्रवेश अर्जाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी पत्रकारिता मायनर प्रत्यक्षात चालली का? किमान किती विद्यार्थी लागतात? शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तासिका तत्त्वावर’ आले म्हणून बिचकू नका. वृत्तपत्रात नोकरी करून शिकवायला येणारे अनेकदा जास्त उपयोगी शिकवतात. मात्र त्यांचे तास संध्याकाळी किंवा शनिवारी लागतात आणि विज्ञानाच्या प्रॅक्टिकलवर आदळतात.

दुसरी वाट दोन स्वतंत्र अभ्यासक्रमांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला मार्गदर्शक तत्त्वांद्वारे मुभा दिली. दोन्ही प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील, तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन चालतो. दोन्ही दूरस्थ किंवा ऑनलाइनही चालतात. दूरस्थ अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता हवी, आणि ती त्या-त्या विद्यापीठापुरती नव्हे तर त्या अभ्यासक्रमापुरती आणि त्या शैक्षणिक वर्षापुरती तपासायची असते. शिवाय प्रत्येक विद्यापीठ याबाबत स्वतःचे नियम करू शकते. तेव्हा आयोगाचे पत्रक दाखवून कारकुनाशी वाद घालण्यापेक्षा आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक मिळवा.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना इथे वेगळी मेख आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विधी पदवीच्या जोडीला दुसरा नियमित अभ्यासक्रम करता येत नाही. भाषा किंवा संगणकाचा अल्पकालीन, अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम यांना सूट आहे. म्हणजे एलएल.बी. करताना संध्याकाळच्या वर्गात बसून पत्रकारितेची पदविका घेतली तर पुढे सनद काढताना अडचण येऊ शकते; तीच पदविका विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून केली तर नियमात बसते. वैद्यकीय, बी.एड. वगैरे परिषदांच्या अखत्यारीतल्या अभ्यासक्रमांनाही आपापल्या परिषदेचा नियम आधी पाहावा लागतो.

पदविका मराठीतून करायची असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाची गरवारे संस्था ही दोन नावे आधी पाहा. प्रवेशाला बारावी पुरते की पदवी लागते हे अभ्यासक्रमागणिक बदलते, म्हणून चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

तिसरी वाट म्हणजे आधी विषयाची पदवी पूर्ण करणे आणि मग पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाणे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग, नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा विभाग अशा ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. ज्यांच्या पदवीला आठवड्याला तीन-चार प्रॅक्टिकल आहेत, त्यांनी खरे तर हीच वाट धरावी आणि पदवीच्या काळात फक्त लिहिण्याचा सराव ठेवावा.

दाखले आणि तारखा

दोन अभ्यासक्रमांत अडकणारे विद्यार्थी बहुधा अभ्यासाने अडत नाहीत, कागदाने अडतात. शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला आणि स्थलांतर प्रमाणपत्र एकच असते, आणि दोन्ही संस्था मूळ प्रत मागतात. मूळ दाखला जिथे नियमित पदवी आहे तिथे द्या. देण्याआधी रंगीत स्कॅन आणि किमान ५ साक्षांकित प्रती करून ठेवा. दुसऱ्या संस्थेसाठी पहिल्या महाविद्यालयाकडून बोनाफाइड आणि ‘मूळ दाखला आमच्याकडे जमा आहे’ असे पत्र घ्या. दुसरी संस्था हे पत्र स्वीकारते का, हे शुल्क भरण्याआधी लेखी विचारा. शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी दोन्हीकडे मिळेल असे धरून खर्चाचा हिशेब मांडू नका. एकच मिळेल असे समजून चाला.

क्रेडिट जमा होण्यासाठी अपार आयडी, म्हणजे ज्याला तुमचे क्रेडिटचे खाते जोडलेले असते तो विद्यार्थी ओळख क्रमांक, दोन्हीकडे एकच द्यायचा. नावातला एका अक्षराचा फरक, आईचे नाव असणे-नसणे, यावरून क्रेडिट लटकतात. प्रवेशाच्या वेळी दोन्ही अर्जांत नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे लिहिले की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. खासगी संस्थेचे प्रमाणपत्र कितीही देखणे असले, तरी त्याचे क्रेडिट या खात्यात येत नाहीत; ते शिकण्यापुरते घ्यावे.

परीक्षांची टक्कर टाळण्यासाठी दोन्हीकडची मागच्या दोन वर्षांची वेळापत्रके शेजारी ठेवा. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि डिसेंबर हाच आपल्या बऱ्याच विद्यापीठांच्या हिवाळी परीक्षांचा काळ. इग्नूत कोणते पेपर कोणत्या सत्रात द्यायचे हे परीक्षा अर्ज भरताना ठरवता येते, त्यामुळे डिसेंबरला कमी आणि जूनला जास्त अशी वाटणी करता येते. दोन पारंपरिक विद्यापीठांमध्ये अशी सवलत गृहीत धरू नका. पेपर एकाच दिवशी आले तर एक सोडावाच लागतो.

आठवड्याचा हिशेब

तासांचा हिशेब आधी मांडला की झेपेल की नाही ते कळते. १५ आठवड्यांच्या सत्रात लेखी विषयाच्या एका क्रेडिटला आठवड्याला १ तास लागतो, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला २ तास. समजा २२ क्रेडिटपैकी ६ प्रॅक्टिकलचे आहेत, तर आठवड्याचे तास झाले १६ अधिक १२, म्हणजे २८. त्यात संध्याकाळच्या पदविकेचे रोज २ तास, पाच दिवस धरले तर ३८. प्रवास, वाचन, जेवणखाण अजून बाहेरच आहे. त्यावर आठवड्याला एक बातमी स्वतः शोधून, लोकांना भेटून, पाचशे शब्दांत लिहायची म्हटली, तर नवख्याला ६ ते ८ तास सहज लागतात, आणि त्यातले निम्मे सरकारी कचेऱ्यांच्या वेळेत, म्हणजे नेमके तुमच्या तासांच्या वेळेत. म्हणून सत्राच्या वेळापत्रकात एक कामकाजाची दुपार मोकळी राहील असे मुक्त निवडीचे विषय निवडा. रविवार मोकळा असून उपयोग नाही. रविवारी तहसील बंद असते. आणि हजेरीची ७५ टक्क्यांची अट दोन्हीकडे स्वतंत्र मोजली जाते, हे विसरू नका.

विषयाचा अभ्यास बातमीत कसा उतरवायचा

माहितीच्या अधिकाराचा अर्ज हे दोन्ही विषयांना जोडणारे सर्वांत स्वस्त साधन आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. विद्यार्थ्यांचे अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक वेळा ‘का’ विचारल्यामुळे. ‘रस्ता का झाला नाही?’ हा प्रश्न आहे, माहिती नव्हे. ‘अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि आजवर अदा केलेल्या देयकांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिले की अधिकाऱ्याला कागद द्यावा लागतो. सत्र सुरू होताच अर्ज टाका, म्हणजे उत्तर आणि गरज पडल्यास अपील, दोन्ही सत्र संपायच्या आत आटोपतात.

दोन्हीकडचे लेखन मात्र उलट्या दिशेने चालते, आणि इथे हुशार मुलेही अडखळतात. विषयाच्या निबंधात आधी पार्श्वभूमी, मग मांडणी, शेवटी निष्कर्ष. बातमीत निष्कर्ष पहिल्या तीस-पस्तीस शब्दांत, मग कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा ककार महत्त्वाच्या उतरत्या क्रमाने, कारण जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. एकाच दिवशी दोन्ही लिहू नका, निदान सुरुवातीला तरी. निबंधाची सवय बातमीत शिरली की ‘अलीकडच्या काळात पाणीप्रश्न गंभीर होत चालला आहे’ अशी इंट्रो जन्माला येते. बातमीची सवय निबंधात शिरली की परीक्षक ‘विवेचन तोकडे’ असा शेरा मारतो.

एकच लेखन दोन्ही विभागांत सादर करण्याचा मोह आवरा. नाव तुमचेच असले तरी ती वाङ्मयचौर्यच धरली जाते, आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिले सादरीकरण साठलेले असते. विषय एक ठेवून कामे दोन करायला काहीच हरकत नाही. उदाहरणार्थ, ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावर अर्थशास्त्राच्या प्रकल्पात मजुरी आणि उचलीचा हिशेब मांडा, पत्रकारितेत या मजुरांच्या मुलांसाठीच्या एका साखरशाळेची बातमी करा.

आता यातली सर्वांत नाजूक गोष्ट. संशोधनासाठी घेतलेली मुलाखत बातमीत वापरता येत नाही. प्रकल्पाच्या प्रश्नावलीवर तुम्ही ‘माहिती गोपनीय राहील’ असे लिहिलेले असते आणि त्या भरवशावर माणूस आपले कर्ज, आजार, मुकादमाशी झालेले भांडण सांगतो. बातमीला मात्र नाव, गाव, फोटो लागतो. वरवर नाव बदलून भागत नाही. लहान गावात ‘तीन मुलींची आई, नवरा अपघातात गेलेला’ एवढ्यावरून बाई ओळखू येते. तेव्हा बातमीसाठी त्याच व्यक्तीकडे पुन्हा जा, आता बातमीदार म्हणून आलो आहोत असे सांगा, आणि नकार दिला तर दुसरे कोणी शोधा. वह्यासुद्धा दोन ठेवा, एक प्रकल्पाची आणि एक बातमीची. बातमीच्या वहीत तारीख, ठिकाण, पूर्ण नाव, हुद्दा, फोन आणि नावाचे लेखन त्याच माणसाकडून खात्री करून घेतलेले असावे.

काही कायदेशीर रेषा विद्यार्थ्यांनाही तितक्याच लागू असतात. महाविद्यालयाचे भित्तिपत्रक किंवा समाजमाध्यमावरचे पान म्हणून सूट नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ आहे. ओळख म्हणजे नुसते नाव नव्हे. शाळा, पत्ता, नातेवाइकाचे नाव हेही त्यात येते. अटक झालेला माणूस आरोपी असतो, दोषी ठरल्यावरच गुन्हेगार. बदनामीचे कलम आता ३५६ आहे. जुन्या नोट्समध्ये भारतीय दंड संहितेची कलमे आणि १८६७ चा मुद्रण कायदा सापडेल. त्या कायद्याची जागा २०२३ च्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. परीक्षेत जुने लिहिलेत तर गुण जातील, बातमीत लिहिलेत तर हसे होईल.

इंटर्नशिप आणि ओजेटी

नव्या रचनेत ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने ४ क्रेडिटना १२० तास. मात्र ओजेटी मेजरशी निगडित असावी लागते. तुमचे मेजर अर्थशास्त्र असेल आणि तुम्ही वृत्तपत्राच्या शहर पानावर महिनाभर राबलात, तरी विभाग ते तास नाकारू शकतो. आधी एक पानी प्रस्ताव द्या: अमुक वृत्तपत्रात, बाजारभाव आणि सहकार या बीटवर, अमुक तारखांना, अशा प्रकारचे काम. विभागप्रमुखांची सही घ्या, मगच रुजू व्हा. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तासांचा आकडा आणि कामाचे स्वरूप दोन्ही लिहून मागा. ‘समाधानकारक काम केले’ एवढ्यावर क्रेडिट मिळत नाहीत.

सकाळच्या दैनिकांत बातमीदारांची बैठक बहुधा सकाळी उशिरा होते, आणि डेस्कचे, म्हणजे बातम्या संपादित करून पाने लावण्याचे, काम दुपारी उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालते. सकाळचे महाविद्यालय असलेल्यांना डेस्क सोयीचे. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती संध्याकाळीच सुटते, तिच्यावर काम मिळाले तर रात्रीचा प्रवास टळतो. शहर आवृत्तीवर बसणार असाल तर परतीच्या वाहनाचे पहिल्याच दिवशी विचारा. जाण्याआधी मराठी टंकलेखन युनिकोड इनस्क्रिप्टवर पक्के करा, मिनिटाला ३० शब्दांपर्यंत तरी. विंडोजमध्ये ही कळपाटी आधीपासून असते. अनेक छापील वृत्तपत्रांत पाने लावताना जुने फॉन्ट अजून चालतात, आणि युनिकोडमधून तिकडे जाताना ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ आणि रफार हमखास तुटतात. कॉपी रूपांतरित केल्यावर तेवढी अक्षरे तरी नजरेखालून घाला. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात ती चूक उठून दिसते.

छापून आलेली प्रत्येक बातमी त्याच दिवशी पूर्ण पानासकट पीडीएफ म्हणून जपून ठेवा. नुसत्या दुव्यावर विसंबू नका. संकेतस्थळे बदलली की दुवे मरतात, आणि जिल्हा आवृत्तीतली बातमी संकेतस्थळावर येतेच असे नाही. बायलाइन, म्हणजे बातमीवर तुमचे नाव, मिळाली नसेल, तर मूळ कॉपी आणि छापलेले कात्रण शेजारी ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत अशी दहा कात्रणे पुरतात, त्यातली किमान सहा तुमच्या मेजरच्या विषयातली असू द्या.